रात्र न मिळालेली झाडं

जूनमध्ये, नव्या बॅचेस सुरू व्हायच्या आधी, लातुरातल्या आमच्या क्लासच्या दारात एक छोटा हत्ती येऊन थांबला. टेम्पोच्या हौद्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या दाटीवाटीने उभ्या होत्या आणि सगळ्या कुंड्यांत एकच झाड होतं. जाड, उभी, तलवारीसारखी पानं. हिरव्यावर फिकट आडवे पट्टे आणि कडेला पिवळी किनार. नर्सरीवाले त्याला स्नेक प्लांट म्हणतात. क्लासचे मालक जिन्यात उभे राहून कुंड्या वर नेणाऱ्या हमालांना सांगत होते, की पान मोडू नका, एकेक पान म्हणजे ऑक्सिजनची टाकी आहे. मालकांना सगळे डायरेक्टर साहेब म्हणत, मीही म्हणत असे. मी तिथे जीवशास्त्र शिकवत होते, म्हणून त्यांनी मला खाली बोलावलं आणि हमालांच्या देखत विचारलं, "मॅडम, हे कॅम झाड आहे ना?"

मी म्हटलं, हो.

"म्हणजे रात्री ऑक्सिजन सोडणार."

मी म्हटलं, नाही सोडणार.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हसून म्हणाले, "तुम्ही नांदेडच्या एमएस्सी ना?" आणि पुन्हा कुंड्यांकडे वळले.

अज्ञानाचा मला राग येत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि त्या घरातल्या एकाही माणसाने न कळलेली गोष्ट कळल्याचा आव कधी आणला नाही. जे प्रश्न विचारतात आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधी पाठ फिरवतात, त्यांच्याबद्दल मात्र माझ्या मनात तुच्छतेशिवाय काही उरत नाही. हे चांगलं नाही असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय. नसेल चांगलं.

कुंड्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे क्लासची चोवीस तास चालणारी अभ्यासिका होती. लांबट हॉल, प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या एकेकाच्या जागा, वर एसी, आणि कधीच बंद न होणाऱ्या ट्यूबलाइट. रस्त्याच्या बाजूला खिडक्यांची अख्खी रांग होती, पण साहेबांनी त्या आधीच स्क्रूने फळ्या बसवून बंद केल्या होत्या आणि फळ्यांवर मागच्या वर्षांच्या टॉपरांचे फ्लेक्स लावले होते. खाली चहाची टपरी आहे, टपरीवर मुलगे उभे असतात, मुलगे दिसले की मुलींचे मार्क जातात, असं त्यांचं गणित. आता प्रत्येक टॉपरच्या पायाशी एक कुंडी बसली आणि इमारतीवर पाटी लागली: ऑक्सिजन अभ्यासिका.

मी कुठे शिकले ते सांगितलं नाही, तर माझा संताप कळायचा नाही.

मी बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातली. शाळा बिलोलीला झाली, कॉलेजसाठी नांदेड. वनस्पतिशास्त्र मी निवडलं नव्हतं. बाकीच्या विषयांच्या जागा भरल्यावर ते उरलं होतं. आमचे सर तेव्हा निवृत्तीला आले होते. प्रयोगशाळेत मोजके मायक्रोस्कोप, त्यातले बरेचसे आंधळे, पण एक चांगला होता आणि तो ते कुलपात ठेवत नसत. गाजराला चीर पाडून तिच्यात उसाच्या पानाचा तुकडा धरायचा आणि दाढीच्या ब्लेडने गाजरासकट पातळ काप घ्यायचे, हे त्यांनी मला माझं बोट कापून होईपर्यंत करायला लावलं. मग एका कापात ते दिसलं. पानाच्या प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं, आणि त्या कड्याभोवती दुसऱ्या पेशींची रांग. एखाद्या माळेसारखं. सर म्हणाले, जर्मन माणसांनी याला त्यांच्या भाषेत माळच म्हटलंय. मग त्यांनी तुरीचं पान कापायला दिलं. त्यात कडं नव्हतं. का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. विचार कर म्हणाले आणि चहाला निघून गेले.

तुरीचं काम साधं आहे. तिच्या पेशींत रुबिस्को नावाचं एक विकर असतं, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं, आणि त्यातून पहिला टिकाऊ पदार्थ तयार होतो तो तीन कार्बनचा. म्हणून ही सी-थ्री झाडं: तूर, हरभरा, सोयाबीन, गहू, कापूस. गोम अशी, की ऊन तापलं की रुबिस्को चुकायला लागतं. कार्बन डायऑक्साइड धरायचा तिथे ऑक्सिजन धरतं, आणि झाडाने कमावलेलं थोडं हातचं जातं. ऊस, ज्वारी, मका यांनी यावर तोड काढली. त्यांच्या बाहेरच्या पेशी आधी कार्बन पकडून त्याचं चार कार्बनचं आम्ल करतात, ते आम्ल आतल्या कड्यात पोचवतात, तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटा होतो आणि रुबिस्कोला चहूबाजूंनी तोच भेटतो. चुकायला जागा राहत नाही. ही सी-फोर. आणि तिसरी जात कॅमची: पानफुटी, कोरफड, घायपात, निवडुंग. दिवसा पानाची छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्ल करून साठवतात, आणि दिवसा दारं लावून त्या साठ्यातून उजेडावर साखर करतात. ज्वारीने काम दोन खोल्यांत वाटून घेतलं, पानफुटीने दोन वेळांत.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. सरांनी प्रयोगशाळेच्या ओट्यावरच्या पानफुटीचं पान भल्या सकाळी खुडून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "चावून बघ. आंबट लागलं, तर समज रात्रभर कामावर होतं." आंबट लागलं. दुपारी पुन्हा चावायला लावलं, पाण्यासारखं बेचव. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले ती कोरफडीपासून निवडुंगापर्यंत जे दिसेल ते सकाळ-दुपार चाखत सुटले. आई शेजारणीला म्हणाली, "नांदेडला शिकायला धाडली, तर शेळीवाणी पाला चावून राहिली." पण दुसऱ्या दिवशी तिनेही पानफुटीचं पान तोंडात टाकलं आणि मान हलवली.

त्या वर्षात मला आणखी एक गोष्ट कळली, तीही सरांनी सांगितली नाही, माझ्याकडून काढून घेतली. झाड जो ऑक्सिजन सोडतं तो पाणी फुटून येतो, आणि पाणी फोडायला उजेड लागतो. अंधारात कुठलंच झाड ऑक्सिजन सोडत नाही. कॅम असो, सी-फोर असो, पिंपळ असो. इतकं साधं आहे हे. एका खेडवळ मुलीला ते ज्यांनी इतक्या धीराने समजू दिलं, त्यांचं ऋण मी कशाने फेडणार? सरांची आठवण निघाली की आजही नकळत हात जोडले जातात.

आणि मग मी पोटासाठी लातूरला आले.

पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं, की प्रकाशसंश्लेषणाला दोन तास पुरे. विचारलं जातं तेवढंच शिकवायचं. माझ्या आधीच्या शिक्षकाने सी-फोर झाडांसाठी एक शब्द तयार करून ठेवला होता: मऊज्वाबा. म म्हणजे मका, ऊ म्हणजे ऊस, ज्वा ज्वारी, बा बाजरी. निलंगा, औसा, अहमदपूर, उदगीर, कुठून कुठून आलेली पोरं, ज्यांच्या दारात कडब्याच्या गंजी असतात, ती डोळे मिटून एका सुरात मऊज्वाबा म्हणत. एकाने मला विचारलं, "मॅडम, यात हायब्रीड धरायची का वेगळी?" आमच्याकडे संकरित ज्वारीला नुसतं हायब्रीड म्हणतात, त्याने जन्मभर हायब्रीडची भाकरी खाल्ली होती आणि ती ज्वारीच असते हे त्याला वर्गात कळणार होतं. वर्गात कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी ते वहीत लिहून घेतलं. मी त्या पोराला दोष देत नाही. ज्यांनी त्याच्या डोक्यातून त्याचंच शेत पुसून तिथे चार अक्षरं बसवली, आणि वर त्याबद्दल सत्कार करून घेतले, त्यांना देते.

अभ्यासिकेच्या उद्घाटनाला पालकांना बोलावलं होतं. मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. मी मनाशी ठरवून गेले होते, की नीट, क्रमाने सांगायचं. पहिलं वाक्य म्हटलं, की कॅम वनस्पती रात्री आपली पर्णरंध्रं उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. डायरेक्टर साहेबांनी तिथेच टाळ्या वाजवल्या. सगळा हॉल त्यांच्यामागे. टाळ्या ओसरल्या तेव्हा माइक त्यांच्या हातात होता आणि ते सांगत होते, की तुमची लेकरं जो घाण वायू सोडतील तो ही झाडं रात्रभर खाणार आणि बदल्यात शुद्ध ऑक्सिजन देणार, हे मी नाही, विज्ञान सांगतंय, आत्ताच ऐकलंत. मी माइकशिवाय मोठ्याने म्हटलं, की रात्री ऑक्सिजन येत नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "बसा मॅडम, नाश्ता आला."

उपमा होता. मी खाल्ला नाही.

मला सगळ्यात हसू येत होतं ते एका गोष्टीचं, आणि ती सांगायला आसपास कुणी नव्हतं. त्या हॉलमध्ये दिवे कधीच बंद होत नव्हते. ज्या झाडाला छिद्रं उघडायला अंधार लागतो, त्याला त्यांनी अंधारच ठेवला नव्हता. आणि दिवस म्हणावा, तर ट्यूबलाइटच्या त्या फिकट उजेडात झाड कसंबसं जीव धरून राहील, इतकंच. बिचाऱ्या झाडांना ना रात्र मिळाली, ना दिवस. कॅम हा शब्द ज्याने हमालांच्या देखत मिरवला त्याने त्यातली एवढी एक गोष्टही समजून घेतली नव्हती.

हसू फार दिवस टिकलं नाही.

माझ्या वर्गात किल्लारीची एक मुलगी होती. वडील किल्लारी-लातूर जीप चालवत. ती स्टार बॅचमध्ये होती, आणि स्टार बॅचला फी माफ होती. बॅच गेली असती, तर तिला गावी परतावं लागलं असतं, हे तिला, मला आणि साहेबांना, तिघांनाही पक्कं माहीत होतं. हुशार होती. शंका विचारताना आधी तीनदा मान खाली घालायची, पण विचारायची. पावसाळा सरेपर्यंत तिचे मार्क घसरले. अभ्यासिकेत बसली की डोकं धरायचं, डोळे मिटायचे. कॅमेऱ्यात ती बाकावर डोकं ठेवून झोपलेली दिसली आणि साहेबांनी ती चित्रफीत स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांना लावून दाखवली. पुढच्या आठवड्यात वडिलांना बोलावून तिचं नाव स्टार बॅचमधून काढायचं ठरलं.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, गावाकडं मला दिवसा झोप येतच न्हाई. इथं आलं की डोळे जड होतात. समद्यांचेच होतात. बाकीचे तोंड धुऊन येतात, मला धा पायऱ्या उतरूशी वाटत न्हाई."

मी वर जाऊन बसले. आत शिरताच कोंदट, वापरलेली हवा अंगावर आली. एसी तीच हवा गार करून पुन्हा पुन्हा फिरवत होता. भरलेला हॉल, बंद खिडक्या, बंद दार, आणि इतक्या जणांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड खायला ती मूठभर झाडं. थोड्या वेळाने मलाही जांभई आली.

साहेबांना शब्दांनी पटणार नव्हतं, म्हणून शाळेतला प्रयोग केला. पानाच्या टपरीवरून चुना आणला, पाण्यात कालवला, निवळू दिला आणि वरची निवळी दोन स्टीलच्या ताटल्यांत ओतली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड निवळीला लागला की ती दुधाळते, हे सातवी-आठवीचं पोरगंही सांगेल. एक ताटली गच्चीवर ठेवली, दुसरी अभ्यासिकेत, त्या मुलीच्या जागेमागे, दोन कुंड्यांच्या मधोमध. दुपारचा तास घेऊन परत आले. गच्चीवरच्या ताटलीत तळ दिसत होता. अभ्यासिकेतल्या ताटलीवर पांढरी साय धरली होती.

दोन्ही ताटल्या मी साहेबांच्या केबिनमध्ये नेल्या आणि टेबलावर ठेवल्या. झाडं हवा शुद्ध करत असती, तर ही निवळी अशी झाली नसती, एवढंच बोलले. त्यांनी ताटली उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, हे तर भारी काम केलंत. म्हणजे हवेतलं सगळं विष झाडांनी खाली उतरवलं."

मी त्यांना समजावलं. पुन्हा समजावलं. ते मान डोलावत फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या दारात एका छोट्या मेजावर माझी ताटली होती, शेजारी कार्ड: शुद्ध होणाऱ्या हवेचा पुरावा. नवे पालक आले की साहेब त्यांना ती साय दाखवत आणि पालक वाकून बघत. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली आहेत, पण पुराव्याला असं उलटं टांगून त्याची आरास करणारा माणूस तो एकच.

मग वडील आले. पांढरा शर्ट, खिशात जीपची किल्ली, आणि पोरीने काहीतरी चुकीचं केलंय या समजुतीने आधीच खाली गेलेले डोळे. साहेब त्यांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले, मलाही बोलावलं. मुलगी आपल्या जागेवर उभी राहिली. बाकीची पोरं पुस्तकात बघत कान देऊन होती. साहेब आत गेले. वडील उंबऱ्यावरच थांबले.

साहेब म्हणाले, आत या. वडील म्हणाले, इथूनच बघतो. मला कारण माहीत होतं, मुलीने कधीतरी सांगितलं होतं. भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी होते, आणि तेव्हापासून ते बंद खोलीत बसत नाहीत. नव्या गावात घर मिळालं, तरी बाज अंगणात. लग्नकार्यातही मांडवाच्या कडेला उभे राहतात. साहेबांनी याला खेडवळ बुजरेपणा समजून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि पोरीची झोप, कॅमेरा, शिस्त, सगळं सांगितलं. वडील ऐकत होते, पण त्यांची नजर भिंतीवरून फिरत होती.

"खिडक्या कुठं हायत, साहेब?"

फोटोंच्या मागे आहेत, साहेब म्हणाले. बंद केल्यात, पोरांचं लक्ष जातं.

"मग हवा?"

साहेबांनी कुंड्यांकडे बोट केलं आणि पूर्ण भाषण ऐकवलं, कॅम, ऑक्सिजन, दारातली ताटली. वडिलांनी ते आदराने ऐकलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकवता न्हवं हिला? खरंच हे झाड हवा करतं का?"

"नाही," मी म्हटलं. "रात्री कुठलंच झाड करत नाही, आणि या उजेडात दिवसाही नावापुरतीच. तुमची मुलगी झोपाळू नाही. या खोलीत दिवसभर कुणीही बसलं, तर झोपेल."

साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही केबिनमध्ये थांबा." मी हलले नाही.

"मग खिडकी उघडा की," वडील म्हणाले. त्यांना ती फार साधी गोष्ट वाटत होती. साहेब म्हणाले, एसी आहे, नियम आहे, एका पोरीसाठी सिस्टीम बदलत नसते. हे ऐकल्यावर वडील मुलीला म्हणाले, सामान घे, आपण जाऊ. तिने सामान घेतलं नाही. बाकाची कड धरून म्हणाली, "मी न्हाई येणार, बाबा. मला डाक्टर व्हायचंय. मला फक्त जागं राहू द्या."

वडिलांनी दारावर हात टेकले. मग साहेबांना म्हणाले, "एक काम करू. तुम्ही बसा हितं, दार लावून, तासभर. म्या बी बसतो तुमच्यासंगं. तुम्हाला जांभई न्हाई आली, तर पोरीला घेऊन जातो अन् तुमच्या पाया पडतो."

बंद दाराआड तासभर बसायचं म्हणणं त्या माणसाला किती जड जात होतं, हे त्याचे दारावर टेकलेले हात बघितले तरी कळत होतं. साहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. मीटिंग आहे म्हणाले.

वडील जिना उतरून गेले. साहेब हॉलकडे वळून म्हणाले, बघा, असे असतात पालक, म्हणून पोरं मागे राहतात. त्यांचं हे प्रवचन संपेपर्यंत वडील जीपमधला स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत आले. उंबऱ्यावर एकदा थांबले. मग आत आले, भिंतीला न शिवता मधल्या वाटेने चालत मुलीच्या जागेपर्यंत गेले, आणि तिच्या मागच्या फळीचे स्क्रू काढायला लागले. साहेब म्हणाले, हे नुकसान आहे, मी कंप्लेंट करीन. वडील म्हणाले, करा. कपाळावरचा घाम ते सारखा बाहीने पुसत होते. फळी निघाली, तिच्यावरचा टॉपर त्यांनी जपून भिंतीकडे तोंड करून उभा केला. खिडकीची कडी गंजली होती; हाताच्या मुठीने दोनदा ठोकल्यावर सुटली.

बाहेरचे हॉर्न आत आले, टपरीवरच्या मिरचीच्या तळणाचा वास आला, धूळ आली. आणि हवा आली. पोरांनी माना वर केल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "एसी बंद करा रे आता."

वडील लगेच बाहेर जाऊन जिन्यात बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "लई वेळ बसलो आत." जेमतेम दहा-पंधरा मिनिटं झाली असतील.

साहेबांनी कंप्लेंट केली नाही. मला वाटलं होतं थोडं लाजतील. त्याऐवजी त्यांनी सगळ्याच खिडक्या उघडल्या आणि आठ दिवसांत नवी पाटी लावली: नैसर्गिक हवेची अभ्यासिका. हे त्यांच्या डोक्यात फार दिवसांपासून होतं, असं ते पालकांना सांगत. कुंड्या जिन्यात उतरवल्या. तिथे पोरं त्यांत बिस्किटांचे कागद टाकत. मुलीचं नाव त्यांना काढता आलं नाही, कारण काढायचं तर ती का झोपत होती हे सांगावं लागलं असतं. पण हरणं त्यांना जमत नाही. त्यांनी नियम केला, की खिडकीजवळच्या जागा पहिल्या रँकांना. ज्या खिडकीची फळी तिच्या वडिलांनी काढली होती तिथे दुसरं कुणी बसलं आणि तिला आतल्या भिंतीच्या शेवटच्या जागेवर पाठवलं. हवासुद्धा गुणानुक्रमे वाटायची, हे फक्त त्यांनाच सुचू शकतं.

मला पुढच्या सत्रासाठी बोलावणं आलं नाही. मीही विचारलं नाही. सध्या मी नांदेड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तिथे प्रकाशसंश्लेषणाला मी हवे तितके तास घेते.

मी लातूर सोडण्याआधीची शेवटची मोठी चाचणी त्या अभ्यासिकेतच झाली आणि सुपरव्हिजन माझ्याकडे होतं. खिडकीजवळ रँकवाले, मग बाकीचे, आणि सगळ्यात आत, भिंतीला लागून, किल्लारीची मुलगी. दुपार होती, जेवणं होऊन तास उलटला होता. मी तिच्या बाजूने जाताना बघितलं, तिच्या पेपरचा कोपरा वाऱ्याने सारखा उचलला जात होता. तिने वर न बघता कंपास पेटी उचलून त्याच्यावर ठेवली आणि लिहीत राहिली.